अडुळशाचा काढा आणि खोकल्याचे दिवस

संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या चुलीवर भाकरी असेल, कुणी धारेला बसली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. थंडी पडली आहे, घराघरांत खोकला आहे, म्हणून आज आम्ही अडुळशाबद्दल बोलणार आहोत. आमच्या बचत गटानं तीन हिवाळे अडुळसा गोळा केला, वाळवला, शेजारीपाजारी दिला. त्यात आमच्या हातून एक मोठी चूकही झाली. काढा कसा करायचा ते आधी सांगतो आणि मग त्या चुकीकडे येतो. खरं तर तीच सांगायला आम्ही आज इथं आलो आहोत.

अडुळसा आपल्याकडे कुणाला शोधावा लागत नाही. कुकडी आणि मीनेच्या खोऱ्यात निम्म्या बांधांवर तो आहेच. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून जुन्या माणसांनी कुंपणाला लावून ठेवला. तरी नव्या सुना विचारतात, म्हणून ओळख सांगतो. माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून मोठं झुडूप. पानं वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, फांदीवर समोरासमोर आलेली. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, आणि चव अशी कडू की दिवसभर लक्षात राहते. थंडीच्या अखेरीला पांढरी फुलं येतात. फूल बघाल तर दोन ओठ उघडल्यासारखं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. सिंहाच्या जबड्यासारखं दिसतं म्हणून संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात. लहानपणी आम्ही ही फुलं तोडून मागच्या बाजूनं मध चोखायचो, तुमच्यापैकीही कितीतरी जणींनी चोखला असेल. काळा अडुळसा म्हणून एक वेगळं झुडूप आहे, त्याची पानं अरुंद आणि दांडे काळपट असतात. काढ्याला ते घ्यायचं नाही. शंका असेल तर फुलं येईपर्यंत थांबा, नाहीतर ओळखणाऱ्या आजीला दाखवा.

आता पानं तोडायची कुठली? इथं आम्ही सुरुवातीला फसलो. पहिल्या वर्षी टोमॅटोच्या शेताच्या कुंपणाची पानं आणली. चांगली मोठी, हिरवीगार, आणि तोडायला सोपी. नंतर आमच्यातलीच एक वहिनी म्हणाली, अगं, या वावरात आठवड्याला फवारणी होते, वाऱ्यानं ते सगळं या कुंपणावरच बसतं. सगळी पाटी उकिरड्यावर टाकली. तेव्हापासून फवारणीच्या शेताचं कुंपण वर्ज्य, आणि रस्त्याकडेचं धुळीचं झुडूपही वर्ज्य. ओढ्याकाठचं, माळावरचं, परसातलं घ्यायचं. कोवळा शेंडा नको, पिवळं पडलेलं पान नको, मधलं जून हिरवं पान घ्यायचं. तीन पाण्यांत धुवायचं. पानाच्या मागच्या बाजूला कोळ्याची जाळी असते, ती बघून काढायची.

ताजं पान मिळतं तोवर ताजंच वापरा. साठवायचं असेल तर सावलीत वाळवा, उन्हात टाकलं की पान तपकिरी पडतं. आम्ही जुन्या सुती साड्या पडवीत अंथरतो, पानं पातळ पसरतो, रोज खालीवर करतो. पान हातात कडकड मोडलं की वाळलं समजायचं. मग कोरड्या झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी धरते. बुरशीचं पान उकळलं तरी चांगलं होत नाही, ते टाकूनच द्यायचं.

काढ्याचं माप असं. एका मोठ्या माणसाच्या एका वेळेसाठी पाच ताजी पानं, दोन कप पाणी. पानं हातानं तोडून पाण्यात टाकायची, झाकण न ठेवता मंद आचेवर उकळायचं, आणि दोन कपांचं अर्धा कप झालं की उतरवायचं. चौथाई उरवणं हे जुनंच माप आहे, वैद्य मंडळीही तेच सांगतात. भांडं स्टीलचं घ्या. आल्याचा एक तुकडा ठेचून घातला तर चालतो. ज्येष्ठमधाची कांडी पुष्कळ जणी घालतात, गोडी येते आणि घशाला बरं वाटतं. पण ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांच्या काढ्यात ज्येष्ठमध नको, त्यानं बीपी वाढतं. साखरेचा आजार असेल त्यांनी गूळ आणि मध टाळावा, कडू तर कडू. काढा गाळून कोमट झाला की मग मध घाला, उकळत्या काढ्यात नको. सकाळी आणि संध्याकाळी, दोन घास पोटात गेल्यावर, घोट घोट घ्यायचा. उपाशीपोटी घेतला की मळमळतं.

जास्त घेतला म्हणून लवकर गुण येत नाही, उलट्या-जुलाब मात्र होतात. आमच्या एका मावशींनी एका दमात तांब्याभर प्यायला होता. त्यांना अजून अडुळशाचं नाव काढलं तरी ओकारी येते.

रस काढायचा तर वेगळी तऱ्हा आहे. अडुळशाचं पान नुसतं वाटून पिळलं तर रस जवळजवळ निघतच नाही, चोथा तेवढा हाताला लागतो. म्हणून जुन्या बाया पानं वाटून त्याचा गोळा करायच्या, एरंडाच्या किंवा वडाच्या पानात गुंडाळायच्या, वरून मातीचा लेप द्यायच्या आणि चुलीच्या निखाऱ्यात पुरायच्या. माती तापून लाल झाली की काढून, जरा निवू देऊन गोळा पिळायचा. वैद्य याला पुटपाक म्हणतात. आता चुली कमी झाल्या. आम्ही पानं मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवतो, मऊ झाली की वाटून फडक्यातून पिळतो. रस सुटतो. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे रस आणि तेवढाच मध. लागेल तेवढाच काढायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही.

कुणाला द्यायचा नाही, हे आता नीट ऐका. दिवस गेलेल्या बाईला अडुळसा द्यायचा नाही, ना काढा ना रस. यातल्या द्रव्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. दिवस गेल्याची शंका असेल, पाळी चुकली असेल, तरी नको. सासूबाई प्रेमानं पेला पुढं करतात, सुनेला नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही हे सासूबाईंनाच सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटावर घेऊन थेंबभरसुद्धा नाही. मधातून बाळाला एक प्रकारची विषबाधा होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. आणि लहान लेकराला खोकला असेल तर काढ्याच्या मापाचा विचार करण्याआधी त्याचा श्वास मोजा. बाळ शांत असताना, रडत नसताना, अंगावरचं कापड वर करून पोट बघायचं आणि पुरं एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग घरात काहीच करत बसायचं नाही, बाळाला उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. आशाताईंना हे मोजणं येतं, त्यांच्याकडून एकदा शिकून घ्या.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी असतील तर हे झाडपाल्याचं घ्यायचंच कशाला? कारण त्यानं गुण येतो. अडुळशाच्या पानात वॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर काम करता करता शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे औषध तयार केलं आणि त्यातूनच पुढे अम्ब्रॉक्सॉल आलं. तुमच्या घरातल्या कफ सिरपची बाटली बघा, बऱ्याच बाटल्यांवर या दोहोंपैकी एक नाव सापडेल. ही औषधं घट्ट कफ पातळ करतात, मग तो सुटून बाहेर पडतो. छातीत कफ घट्ट बसला असेल तिथं अडुळसा कामाला येतो तो असा. नुसती घशात खवखव असेल तर आमच्या मते मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बऱ्या, उगाच कडू कशाला प्यायचं.

आता चूक सांगतो.

दुसऱ्या हिवाळ्यात आमचा काढा गावात चांगलाच माहीत झाला होता. बैठकीला येताना बाया डबे घेऊन यायच्या. आम्हालाही बरं वाटायचं. आमच्याच गटातली एक ताई, तिशी नुकतीच ओलांडलेली, दिवाळीनंतर खोकायला लागली. आम्ही पानांची जुडी दिली. तिला आराम पडला, कफ सुटायचा, रात्रीची झोप लागायची. आठ दिवसांनी पुन्हा खोकला, पुन्हा जुडी. असं चाललं. संध्याकाळी अंगात कसर वाटते म्हणायची. आम्ही म्हणालो, दिवसभर कांद्याच्या लागणीला वाकतेस, अंग दुखणारच. संक्रांतीला हळदीकुंकवाला आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. आम्ही हसून विचारलं, काय गं, डाएट का काय? ती पण हसली. हे आमचं बोलणं आम्हाला अजून टोचतं.

अकरा आठवडे गेले. आशाताई दुसऱ्याच कामाला, कुणाच्या तरी लसीचं विचारायला तिच्या घरी गेल्या होत्या. त्यांनी तिचा खोकला ऐकला आणि किती दिवस झाले एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळची थुंकी तपासायला गेली. टीबी निघाला.

गटाच्या बैठकीत त्या मंगळवारी कुणी बोलेना. तिला आमच्यापैकी प्रत्येकीनं निदान एकदा तरी जुडी दिली होती, आणि किती दिवस झाले हे एकीनंही विचारलं नव्हतं. आपलं औषध चांगलं, आराम पडतोय, मग विचारायचं कशाला? काढ्यानं तिचा कफ सुटत होता, झोप लागत होती, त्यामुळे दुखणं वाढतंय हे तिला कळलं नाही आणि आम्हालाही नाही. तेवढ्या अकरा आठवड्यांत ती घरात, शेतावर, आमच्या बैठकीत खोकत होती.

काही आज्या म्हणतात, जुन्या वैद्यांनी क्षयावर आणि थुंकीतून रक्त पडण्यावर अडुळसाच सांगितला आहे. सांगितला आहे, हे खरं. पण तेव्हा क्षयावर दुसरं होतं काय? क्षय कशानं होतो ते रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवलं आणि त्यावर पहिलं खात्रीचं औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली सापडलं. त्याआधीच्या माणसांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी दिलं. आज गोळ्या आहेत आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. थुंकीत रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी त्याच दिवशी जायचं, अडुळसा उकळत बसायचं नाही.

म्हणून आमचा आता एकच नियम आहे. खोकल्याला दोन आठवडे झाले की थुंकीची तपासणी. आराम असो नसो, ताप असो नसो. त्यासोबत वजन उतरत असेल, संध्याकाळी कसर येत असेल, रात्री घामानं उशी भिजत असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीसाठी डबी मिळते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, मोकळ्या हवेत उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं आणि आतून आलेला बेडका डबीत धरायचा. तोंडातली लाळ दिली तर तपासणी वाया जाते. पुष्कळ बायांना हे करायची लाज वाटते, विशेषतः सासरी. मागच्या दारी जा, पण करा.

आमच्या ताईला सहा महिने गोळ्या झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच ती म्हणाली, आता कशाला गोळ्या, झालं की. पुष्कळ जणांचं गाडं इथंच अडतं. अर्ध्यात सोडलं की जंतू मरत नाहीत, गोळ्यांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो. आम्ही पाळी लावली. रोज संध्याकाळी एक जण तिच्याकडे जायची, गोळी घेतलीस का विचारायची आणि चहा पिऊन यायची. गोळ्या चालू असताना काढा बंद ठेवायचा का, हे तिनं दवाखान्यातच विचारलं. तुम्हीही असं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ती सुरुवातीला लपवत होती, रागावतील म्हणून. रागावले नाहीत.

तिच्या घरच्यांचीही तपासणी झाली. आठ वर्षांच्या लेकीला आजार नव्हता, तिला पुढे होऊ नये म्हणून औषध दिलं. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी तिचं ताट-वाटी वेगळी काढली होती. त्या वाईट नाहीत, घाबरल्या होत्या. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटा-वाटीतून, कपड्यातून पसरत नाही. तोंडावर पदर किंवा रुमाल धरायचा, खिडकी-दार उघडं ठेवायचं, गोळ्या नेमानं घ्यायच्या. हे आम्ही सांगून पाहिलं, पटलं नाही. शेवटी आमच्यातल्या दोघी जणी एक दिवस मुद्दाम तिच्याकडे जेवायला गेल्या आणि तिच्या ताटाला ताट लावून बसल्या. त्यानंतर ते वेगळं ताट मांडणीवरून कधी गेलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणखी एक, पैशाचं. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून खात्यावर पैसे येतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. त्यासाठी दवाखान्यात नाव नोंदलेलं हवं आणि बँक खातं हवं. खातं नवऱ्याच्या नावावरच असेल तर आधी स्वतःचं उघडा. गटात आहात, बँकेत जायला आता कुणी घाबरत नाही. त्या पैशात आमच्या ताईनं अंडी आणि शेंगदाणे घेतले, आणि एका महिन्यात लेकीच्या चपला. ते ती हळूच सांगते.

मध्यंतरी आम्हाला पुष्कळांनी सुचवलं, काढ्याच्या बाटल्या भरा, लेबल लावा, तालुक्याच्या प्रदर्शनात ठेवा, चांगले पैसे सुटतील. हिशेबही केला होता. पण औषध म्हणून बाटली विकायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तशी जागा आणि जाणकार माणूस लागतो. ते आमच्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर त्या अकरा आठवड्यांनंतर आमचं मनच होईना. बाटली एकदा हातातून गेली की ती कुणी प्यायली, पोटुशीनं प्यायली का, किती दिवस प्यायली, आपल्याला कळणार कसं? प्रदर्शनात आम्ही नाचणीचे लाडू आणि लिंबाचं लोणचं ठेवतो.

पानं मात्र अजून देतो, फुकट. पण आता हिशेबाच्या वहीची शेवटची पानं त्यासाठी राखली आहेत. जुडी कुणी नेली, कुणासाठी नेली, बाईसाठी असेल तर दिवस गेले आहेत का, आणि आज खोकल्याचा कितवा दिवस. चौदा आकडा ओलांडला की जुडी मिळत नाही, आशाताईंचा नंबर मिळतो. सुरुवातीला बाया चिडल्या. एक आजी म्हणाल्या, झाड तुमच्या बापानं लावलं का? बरोबर आहे, झाड काही आमचं नाही, त्या बांधावरून तोडून नेऊ शकतात. आम्ही म्हणालो, आजी, न्या, पण दिवस सांगून न्या. त्यांनी बोटांवर मोजलं तर महिना भरत होता. त्यांची तपासणी झाली, टीबी नव्हता, दम्याचा त्रास निघाला. आता त्यांना ओढायचा पंप मिळाला आहे आणि दर मंगळवारी सगळ्यात आधी त्याच येऊन बसतात.

या महिन्यात वहीत चौदाच्या पुढे तीन नावं गेली. तिघांनाही पाठवलं. दोघांचं काही निघालं नाही, एकीचा रिपोर्ट यायचा आहे.

अडुळसा लावायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो, बी शोधत बसू नका, फांदी लागते. पेन्सिलीपेक्षा जाड, तीन-चार डोळ्यांची फांदी पहिल्या पावसानंतर तिरकी खोचायची. फवारणीपासून लांब, न्हाणीच्या पाण्यावर ती येते. जूनच्या पहिल्या मंगळवारी आम्ही फांद्या छाटणार आहोत, हव्या असतील त्यांनी ओलं पोतं घेऊन या. आणि ज्यांच्या घरात आत्ता, या घडीला कुणी खोकतंय, त्यांनी जूनची वाट बघू नका. आज कितवा दिवस ते मोजा आणि येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता समाजमंदिरात या.